प्रसाद जमिनीवर ठेवत नाहीत

२ नोव्हेंबर, शनिवार. पाडवा.

बसूनच राहिली! तेरखेड्याहून आणलेला महाध्वनी फटाका दारासमोर फुटला. गल्लीतली समस्त प्रजा दशदिशांना पांगली. श्वान पळाले, मार्जार पळाले. आमचे ज्येष्ठ बंधू नारायणराव — वय साठ, दोन्ही गुडघ्यांनी असहकार पुकारलेला — तेही लीलया उंबरा ओलांडून आत गेले. आणि आमची कन्या अक्षरा ओसरीवरच्या गादीवर जिथे बसली होती तिथेच बसून टाळ्या वाजवत राहिली!

धैर्य म्हणून ठीक आहे. परंतु शेजारच्या निकिताचा वरद, जो अक्षरेहून दोन महिन्यांनी धाकटा, तोही पळाला. स्वतःच्या पायांनी पळाला!

निकिता म्हणाली, “सर, अक्षरा अजून…?” वाक्य अर्धे सोडून समोरच्याचा संपूर्ण दिवस नासवण्याची ही कला संस्कृत साहित्यशास्त्राला ज्ञात नव्हती.

होय. अजून नाही. साडेसोळा महिने झाले. उभी केली की दोन्ही पाय पोटाशी घेते आणि आकाशस्थ होते. प्रवास करायचाच झाला तर बैठ्या आसनात, डावा पाय वल्ह्यासारखा मारत, बुडावर सरकत करते. वेग उत्तम. दिशाज्ञान निर्दोष. पण ते चालणे नव्हे.

४ नोव्हेंबर, सोमवार. उमरगा.

भाऊबिजेनिमित्त कालपासून श्वशुरगृही. अक्षरा कडेवरून कडेवर फिरते आहे. मला उतरल्यापासून कोणी पाणीही विचारलेले नाही. उद्या इथल्याच बालरोगतज्ज्ञ डॉ. महेश्वरी यांच्याकडे जायचे, असे पत्नीला, चंद्रप्रभेला, सांगितले. म्हणाली, “जाऊ की. तुमची तरी तब्येत सुधारंल.”

५ नोव्हेंबर, मंगळवार.

दवाखाना हमरस्त्यावर. बाहेर हैदराबादकडे जाणारे ट्रक, आत रडणारी अर्भके, मध्ये मी. निवेदन तयार ठेवले होते. “डॉक्टर, कन्येच्या गमनेंद्रियांच्या विकासात कालापव्यय होत असल्याची आम्हा उभयतांस शंका —”

“सर,” त्या म्हणाल्या, “मराठीत सांगा.”

“चालत नाही हो,” चंद्रप्रभा म्हणाली. दोन शब्दांत विषय संपला.

डॉक्टरांनी अक्षरेला पालथी केली, उताणी केली, कंबर वळवून पाहिली, गुडघ्यावर हातोडी टिचकावली, मांड्या दाबल्या. अक्षरेने त्यांच्या गळ्यातली नळी खेचून चोखली. “छान आहे. ताकद आहे. बसून सरकणारी मुलं उशिराच चालतात, त्यात काही वावगं नाही.” मग सहज विचारले, “घरी दिवसभरात जमिनीवर किती वेळ असते?”

चंद्रप्रभेने माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले. खरोखर, किती वेळ असते? अक्षरेला जमिनीवर पाहिल्याचे मला स्पष्ट असे आठवेना.

“खाली ठेवत चला. वॉकर बिलकुल नको. अठरा महिने पुरे होऊ द्या. तरी नाही चालली तर सोलापूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवू. एकदोन तपासण्या करू.”

एकदोन तपासण्या. आम्हा दोघांना हे शब्द पूर्वीही एकदा एका हसऱ्या डॉक्टरांनी सांगितले होते. त्या एकदोन तपासण्या अकरा वर्षे चालल्या. परतीच्या बसमध्ये नळदुर्ग येईपर्यंत आम्ही दोघेही खिडकीबाहेर पाहत होतो. अक्षरा मात्र तीन अनोळखी प्रवाशांच्या मांडीवर बसून आली.

अठरा महिने पूर्ण होणार अठरा डिसेंबरला.

७ नोव्हेंबर, गुरुवार. तुळजापूर.

सुटीचा सदुपयोग. कन्येचा दिवसभर गुप्त पाठलाग केला. निष्कर्ष चित्तथरारक!

आमचे घर पुजाऱ्याचे. मी शाळेत संस्कृत शिकवतो, पण पौरोहित्य नारायणरावांकडे, आणि यात्रेकरू उतरतात ते आमच्याच माडीवर. सोलापूरचे, बीदरचे, कलबुर्गीचे. प्रत्येकाला ठाऊक आहे की सतरा वर्षांच्या संसारानंतर पुजाऱ्याच्या धाकट्या भावाला देवीने लेक दिली. त्यामुळे सकाळी कामाला येणाऱ्या विठाबाईंनी तेल लावून न्हाऊ घातले की अक्षरा नारायणरावांच्या हाती. नारायणरावांकडून दर्शनाहून परतलेल्या आजीबाईंकडे. आजीबाईंकडून त्यांच्या सुनेकडे, जिला मूल हवे आहे. सुनेकडून चंद्रप्रभेकडे, तिथून निकिताकडे, निकिताकडून पुन्हा माडीवर! सायंकाळपर्यंत तिचे पाय भूमीला एकदाही लागले नाहीत. बुडावर सरकण्याची विद्या तिने गादीवर कमावलेली आहे.

विठाबाईंना विचारले, “विठाबाई, हिला खाली का ठेवत नाही?”

“खाली?” न्हाणीतला तांब्या त्यांच्या हातातच राहिला. “अवं सर, देवीचा परसाद हाय ती. परसाद कुनी भुईवर ठेवतंय व्हय?”

शाळेत पंचवीस वर्षे काढली, असा बिनतोड युक्तिवाद ऐकला नव्हता. त्यातून ‘प्रसाद’ ही उपमा बारशाच्या दिवशी माझ्याच भाषणात होती. तासभर बोललो होतो. श्रोत्यांनी एवढेच घरी नेले.

आमची देवी चल मूर्ती आहे. वर्षातून तीनदा गाभाऱ्यातून निघून पलंगावर जाते, पुन्हा परतते. साऱ्या गावाला तिच्या चालण्याचा अभिमान. आणि तिचा प्रसाद मात्र अचल!

परंतु रोगनिदान झाले! आनंद गगनात मावत नाही. रोग अक्षरेला नाहीच, तो आम्हा सर्वांच्या कडेला आहे.

८ नोव्हेंबर, शुक्रवार.

आज्ञापत्र प्रसृत केले: अक्षरेस कोणीही, कोणत्याही कारणास्तव, उचलू नये.

नारायणराव अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, “अरे पंडिता, आणि यजमानाला काय सांगू? लेकरासाठी नवस बोलायला आलेली बाई अक्षराला उचलणार नाही, तर काय तुला उचलंल?”

“दादा, हा वैद्यकीय प्रश्न आहे.”

“वैद्यकीयच सांगतो. माझे गुडघे दुखतेत. लेकरू मांडीवर असलं की मला कुणी उठ म्हणत नाही.”

आज्ञा तरीही लागू. मी बाजारातून परत आलो तेव्हा अक्षरा ओसरीवर सतरंजीवर बसलेली होती! भूमीवर! मला पाहताच दोन्ही बाहू उंच केले, आणि ओठ असा काही मुडपला की —

आज्ञेचा पहिला भंग आज्ञाकर्त्याने केला. चंद्रप्रभेने पाहिले. सतरंजी गुंडाळून ठेवली. ते अधिक लागले.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार.

उभी केली. पाय पोटाशी. उभी केली. पाय पोटाशी. माझी कंबर मात्र सुदृढ होत आहे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार.

विचार आला — आनुवंशिकता! उशिरा चालणे कुळातच असेल तर? तत्काळ नारायणरावांना गाठले. “दादा, मी कितव्या महिन्यात चालू लागलो?”

“तू? तू आधी बोलायलाच लागलास. चालायची गरज काय? एका जागी बसून सगळ्यास्नी कामं सांगायचास.”

“म्हणजे उशिरा चाललो! नक्की कधी?”

“मला काय ठाऊक? बारा वर्षांचा होतो मी. मला तुझ्यात रस नव्हता.”

पुरावा अपुरा. तथापि आशा पल्लवित.

२६ नोव्हेंबर, मंगळवार.

उभी राहिली!! स्वयंप्रेरणेने! खाटेच्या दांडीला धरून, कोणाच्याही साहाय्याविना, गुडघे थरथरत, बूड मागे, मान पुढे — एखाद्या वृद्ध कुलगुरूप्रमाणे उभी! माझ्या चष्म्याच्या डबीवर तिचा डोळा होता. मी “चंद्रप्रभे!” अशी आरोळी ठोकून स्वयंपाकघरात धावलो. फोडणी जळाली. चंद्रप्रभा आली, विठाबाई आल्या, माडीवरून बीदरचे कुटुंब उतरले. अक्षरा बसलेली होती आणि चष्म्याची डबी खात होती.

“उभी होती,” मी म्हणालो.

“व्हय की,” विठाबाई म्हणाल्या. वेड्याला म्हणतात तसे.

पण होती! मी पाहिले आहे.

१ डिसेंबर, रविवार.

त्यानंतर पुन्हा नाही. वरद आता चेंडूला लाथ मारतो आणि चेंडू आमच्याच ओसरीवर येतो. निकिता हाक मारते, “वरद, हळू रे!” त्या ‘हळू’मध्ये केवढे वैभव आहे हे त्या बाईला कळत नाही.

मी पेपरातली सदरे वाचतो. कोणी म्हणते बारा महिने, कोणी पंधरा. चंद्रप्रभेला वाचून दाखवले. ती मेथी निवडत होती. म्हणाली, “आपलीच लेक आहे ती. यायलाच सतरा वर्षं लावली. चालायला महिनाभर लावंल, त्यात काय.” आणि जुडी झटकून पुढची घेतली. या स्त्रीला चिंता नामक विकार झालेलाच नाही. मला तिचा हेवा वाटतो, आणि थोडा रागही येतो. घरात चिंता करण्याचे संपूर्ण उत्तरदायित्व एकट्या माझ्यावर आहे.

५ डिसेंबर, गुरुवार.

वज्राघात! सेवांतर्गत प्रशिक्षण. भूम येथे, सोमवार ते शुक्रवार, निवासी. मुख्याध्यापकांना म्हणालो, घरी गंभीर परिस्थिती आहे. म्हणाले, “कोण आजारी?” म्हणालो, कोणी नाही. म्हणाले, “मग?” मी सांगितले. ते कागद पुढे सरकवून म्हणाले, “सर, सही करा.”

जेवताना चंद्रप्रभेला म्हटले, “मी नसताना चालली तर?”

“मग काय करू, धरून ठेवू तिला?”

“ठेव.”

ती हसली. मी हसलो नाही. मग जे बोलायचे नव्हते तेही बोलून गेलो. आपल्या वाट्याला सगळेच उशिरा आले, लोकांच्या लेकरांची बारशी जेवण्यात तारुण्य गेले, आता या एका गोष्टीला तरी मी वेळेवर हजर असावे, एवढेच मागणे आहे. एकाही समासाविना बोललो. चंद्रप्रभेने माझ्या ताटात भाकरी वाढली.

९ डिसेंबर, सोमवार. भूम.

एस.टी.ने तीन तास. निवासव्यवस्था शाळेच्या सभागृहात. पन्नाशीतल्या गुरुजनांना वर्तुळात उभे करून बेडूकउड्या मारायला लावल्या. याला कृतियुक्त अध्ययन म्हणतात. मला आमच्या घरी आधी एक पाऊल हवे आहे, आणि इथे मी उड्या मारतो आहे!

फोन केला. “चालली?”

“सकाळीच गेलाय तुम्ही. अजून तुमचा चहाचा कप विसळला नाही.”

१० डिसेंबर, मंगळवार.

चंद्रप्रभेने फोन उशिरा उचलला. मागे पुष्कळ गलबला, कोणी हसते आहे.

“कोण आहे?”

“महांतेश आलाय. बसवकल्याणचा. दर्शनाला.” हा आमचा जुना यजमान, मंगळवार चुकवत नाही.

“आणि अक्षरा?”

“आहे की. बसलीय.”

“तुझा आवाज असा का?”

“सर्दी झालीय.” आणि ठेवून दिला.

सर्दी झाली असता माणसाचा आवाज इतका प्रसन्न होतो, हे आयुर्वेदाला नवीन असावे. की माझ्या अनुपस्थितीचा हा गुण?

१२ डिसेंबर, गुरुवार.

फोनवर नारायणराव. “निवांत ये रे. घाई करू नको. वाटेत खाऊन घे.” अठ्ठेचाळीस वर्षांत या गृहस्थांनी माझ्या जेवणाची चौकशी केलेली नाही. वार्धक्याने हृदय मृदू होते, असे दिसते.

सहा दिवस उरले. सोलापूरच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली. एकोणीस तारीख. चंद्रप्रभेला अद्याप सांगितलेले नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार. तुळजापूर.

चालली!!!

अक्षर वाईट येते आहे, येऊ दे! क्रमाने लिहितो.

बस दिवेलागणीला पोचली. घरी पाहतो तो ओसरीवर सभा भरलेली! नारायणराव खाटेवर, धूतवस्त्र परिधान करून. विठाबाई, ज्या दुपारी बारानंतर देवालाही थांबत नाहीत, त्या भिंतीशी. निकिता, कडेवर वरद — होय, आज वरद कडेवर! आणि चंद्रप्रभा मोरपंखी साडीत. ती साडी आम्ही फक्त लग्नकार्यात पाहतो.

“कोणाचे काय आहे आज?” मी विचारले.

“काही नाही. बसा,” चंद्रप्रभा म्हणाली.

“चहा —”

“चहा मरू दे!” नारायणराव गरजले. “तिथं नाही, इकडं बस. दाराकडं तोंड कर.”

पिशवी खांद्यावर तशीच ठेवून बसलो. अक्षरा चंद्रप्रभेच्या मांडीवर होती आणि चंद्रप्रभेने तिला दोन्ही हातांनी आवळून धरले होते. मला पाहून अक्षरा वळवळू लागली. चंद्रप्रभेने तिला उंबऱ्याशी उभे केले.

पाय पोटाशी घेतले नाहीत!

उभी! विनाआधार उभी! दोन्ही बाहू आडवे पसरले. मान हलली, पोट पुढे आले. आणि मग तिने उजवा पाय उचलला. इतक्या उंच, जणू समोर अदृश्य पायरी आहे. ठेवला. डावा उचलला. ठेवला. येते आहे! डोलत, मद्यपीप्रमाणे, सम्राज्ञीप्रमाणे, मुखाने ‘दा दा दा’ असा मंत्र, हनुवटीवर लाळ — येते आहे! माझ्याकडे येते आहे! मी हात पुढे केले, पण शब्द फुटेना. मला, मला शब्द फुटेना! ती सारी ओसरी ओलांडून माझ्या छातीवर येऊन आदळली आणि माझा चष्मा काढून घेतला.

त्यानंतर काही काळ मला नीट दिसले नाही. चष्मा नव्हता. शिवाय भूमची धूळ.

नारायणरावांचे “अहो आश्चर्यम्! पाहा, पाहा, चालली!” गल्लीच्या टोकापर्यंत गेले असेल. पूजा सांगतानाही त्यांचा इतका शुद्ध उच्चार मी ऐकलेला नाही. आणि वाटले की ‘आश्चर्यम्’ ते पाऊल पडण्याच्या किंचित आधीच म्हणाले, परंतु ज्योतिषी माणूस, असो. विठाबाई भिंतीकडे तोंड करून, पदराचा बोळा तोंडात धरून उभ्या होत्या. खांदे गदगदत होते. केवढे हे प्रेम!

एक मात्र लिहून ठेवतो. चंद्रप्रभा अक्षरेकडे पाहतच नव्हती. आपली लेक पहिले पाऊल टाकते आहे, आणि ही सर्व वेळ माझ्याकडे पाहत होती. डोळे भरून, हसत, माझ्याकडे. आनंदातिशयाने स्त्रीला कुठे पाहावे याचेही भान राहत नाही.

वेळेवर हजर होतो. आयुष्यात एकदा तरी.

१४ डिसेंबर, शनिवार.

सोलापूरची वेळ रद्द! मग चंद्रप्रभेला सांगितले की घेतली होती. म्हणाली, “ठाऊक आहे. तुमच्या खिशात चिठ्ठी होती. मी पण घेतली होती, वीस तारखेची.” म्हणजे तिलाही — !

डॉ. महेश्वरींना फोन केला. अलंकारांसह वृत्तांत ऐकवला. मध्येच म्हणाल्या, “सर, पेशंट बसलेत. अभिनंदन. आता मागं पळायला तयार राहा.”

पळतोच आहे! तांदळाच्या डब्यापर्यंत पळालो, न्हाणीपर्यंत पळालो, माडीच्या जिन्यापर्यंत दोनदा. एकाच रात्रीत केवढी ही प्रगती! काल पहिले पाऊल, आज वळणे घेते. असामान्य बुद्धिमत्ता असणार. पितृवंशाकडून.

१६ डिसेंबर, सोमवार.

शाळेत पेढे. प्रथम पदार्पणाचे आख्यान शिक्षककक्षात, कार्यालयात, दहावी ‘अ’मध्ये आणि शिपायांपुढे सांगितले. प्रत्येक वेळी ओसरी थोडी लांब होत गेली. मुख्याध्यापक म्हणाले, “तरी बरं, प्रशिक्षण शुक्रवारीच संपलं.” त्यांनाही दोन पेढे दिले.

१८ डिसेंबर, बुधवार.

अठरा महिने पूर्ण. सकाळी महांतेशचा फोन.

“सर, आमची अव्वा, तुमची लेक, काय म्हणतीय? पळतीय का आता? त्या मंगळवारी माझ्याच म्होरं पैलं पाऊल टाकलं बगा! बाई तर खालीच बसल्या. लई रडल्या. मग उठून सगळ्यास्नी देवीची आण घातल्या, सर येईपर्यंत कुणी तोंड उघडायचं न्हाई, त्यांच्यासमोर पैल्यांदा चालणार ती, म्हणून. आता सांगितल्या असतील की तुमाला?”

“सांगितलं,” मी म्हणालो.

फोन ठेवला. चंद्रप्रभा दारात उभी होती, हात पिठाचे.

“काय म्हणत होता महांतेश?”

“अक्षरा कधी चालली, विचारत होता.”

तिने हात पदराला पुसले. पुन्हा पुसले. “मग?”

“सांगितले. शुक्रवारी. माझ्यासमोर.”

“हो तर,” चंद्रप्रभा म्हणाली, आणि घाईघाईने आत गेली.